टाळेबंदीतली बर्फगाडी

मी एक जुनी बर्फगाडी आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव चांगला नाही हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू मुलांशी फार गोड बोलतात असे मी ऐकले आहे. मला ते जमत नाही. ज्यांच्यासाठी मी आयुष्यभर बर्फ गुळगुळीत केला, तेच लोक एकमेकांच्या उरावर बसले आणि त्यांच्या भांडणात माझा माणूस भरडला गेला. तेव्हापासून माझ्यातला गोडवा संपला.

माझे काम तुम्हाला ठाऊक नसेल. बर्फावरच्या हॉकीत खेळाडू स्केट घालून इतके घसटतात की बघता बघता मैदानाची चाळण होते. मग खेळ थांबतो, कोपऱ्यातले मोठे दार उघडते आणि मी आत येते. माझ्या पोटाखाली लांब पाते आहे. ते वरचा खराब थर खरवडते, तो भुगा मी पोटात घेते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. हो, गरमच. गरम पाणी जुन्या ओरखड्यांत मुरते आणि नवा थर जुन्याला घट्ट धरतो. फक्त ते पाणी गोठेपर्यंत त्यावर कोणी पाऊल टाकायचे नसते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळते.

सस्कॅचवान नावाच्या थंड प्रांतात, गव्हाच्या मुलखात, नदीकाठी आमचे शहर आहे. तिथे स्टर्जन्स नावाचा व्यावसायिक संघ खेळतो. कारखान्यातून मी थेट त्यांच्या मोठ्या स्टेडियममध्ये आले. तेव्हा माझा निळा रंग चकचकीत होता. मी मैदानात शिरले की लोक खेळाडूंना पाहून वाजवतात तशा टाळ्या वाजवत आणि लहान मुले काचेला नाक लावून मला हात करत. मला ते आवडत असे, खोटे कशाला बोलू?

माझा चालक ओरेस्ट. त्याचे आजोबा युक्रेनहून येऊन इथे शेतकरी झाले, आणि ओरेस्टने शेत सोडून बर्फ धरला. तो मला इतक्या सावकाश आणि सरळ चालवी की माझ्या दोन फेऱ्यांमध्ये बोटभरही जागा सुटत नसे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी संघाचे मालक हाल्वर्सन खाली उतरून सगळ्या कामगारांशी हात मिळवत आणि म्हणत की आपण सगळे एक कुटुंब आहोत. गुरांच्या चाऱ्याच्या धंद्यात वर आलेला हा माणूस बोलायचा मोठा गोड. ओरेस्टला ते खरे वाटे. मला तेव्हाही ते खटकत असे, कारण ओरेस्टच्या घरात असले वाक्य कोणी कधी उच्चारत नव्हते. तिथे सरळ ताट वाढत.

आमच्याकडे एक रीत आहे. सोळा-सतरा वर्षांची मुले हॉकीसाठी आपले गाव सोडून दूरच्या शहरात येतात, आणि तिथले एखादे कुटुंब त्यांना आपल्या घरी ठेवून घेते. ओरेस्ट आणि त्याची बायको स्टेफा यांनी डार्सी नावाच्या मुलाला असेच ठेवून घेतले. तो उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या एका खेड्यातला. स्टेफाच्या हातच्या पेरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, तो ताटभर खाई, आणि ओरेस्टला तिच्या माहेरची मुले म्हणत तसे वुयको म्हणे, म्हणजे मामा. चार हिवाळे तो त्या घरात वाढला.

ओरेस्टने त्याला एक गोष्ट हाडात भिनेपर्यंत शिकवली. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहतात आणि एकमेकांशी हात मिळवतात. हातमोजा काढायचा, हात उघडा पुढे करायचा. ज्याने तुझा दात पाडला त्याच्याशीसुद्धा. डार्सी पुढे स्टर्जन्समध्ये आला, नावारूपाला आला आणि खेळाडूंच्या संघटनेत आमच्या संघाचा प्रतिनिधी झाला. त्याचा पहिला गोल झाला त्या दिवशी ओरेस्टने मला एक फेरी जास्त फिरवले. गरज काहीच नव्हती.

पुढे स्टेडियमला विजेवरची नवी गाडी आली. तिला आवाज नाही, धूर नाही, आणि मला विचाराल तर जीवही नाही. मला नदीपलीकडच्या वस्तीतल्या छोट्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पाठवले. तिथले छत गळते, बाकांखालचा हीटर मनाला आले तर चालतो, आणि माझा निळा रंग पोपडे धरून गळायला लागला. तरी ओरेस्ट दर रविवारी यायचा, माझे पाते घासून द्यायचा आणि फुकट गाडी चालवायचा. रिंकच्या समितीने वेळा वाटायचे कामही त्याच्याच गळ्यात घातले होते. स्टेडियममध्ये खाण्याचा गाडा चालवणारी डोरीनही तिथे असायची. तिची सात वर्षांची नात मुलींच्या संघात खेळायची, संध्याकाळी. डोरीन थर्मासमधून कॉफी आणायची, पहिला कप ओरेस्टचा. स्टेडियममधल्या दिवसांपासून तो नेम चुकला नव्हता.

मग त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि हंगाम काही सुरू झाला नाही. खेळाडूंचा आणि मालकांचा जुना करार संपला होता. येणाऱ्या पैशात कोणाचा वाटा किती, यावर दोघे अडून बसले. सगळ्या संघांच्या मालकांनी एकजूट केली आणि स्टेडियमना टाळे ठोकले. मालक म्हणाले, खेळाडू लोभी आहेत. खेळाडू म्हणाले, मालक लोभी आहेत. मित्रांनो, दोघेही खरे बोलत होते. पण त्या टाळ्याने ना मालकांच्या घरची चूल विझली, ना खेळाडूंच्या. ओरेस्टला, डोरीनला, दारावरच्या माणसांना आणि झाडूवाल्यांना मात्र घरी बसायला सांगितले गेले. कुटुंब म्हणणारे हाल्वर्सन त्या दिवशी खाली उतरले नाहीत.

आमच्या रिंकच्या बाकांवर रोज हाच वाद. कोणी मालकांना शिव्या घाली, कोणी खेळाडूंना. डोरीन दोघांनाही घाली. ओरेस्ट मात्र डार्सीविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसे.

एके दिवशी डार्सी स्वतःच आला. खेळाडूंना स्टेडियम बंद होते, आणि सरावाला बर्फ तर हवाच. त्याला आमच्या रिंकवरची संध्याकाळची वेळ हवी होती, म्हणजे नेमकी मुलींची. ओरेस्ट घुटमळला. तेव्हा डार्सीने माझ्या बोनेटवर हात ठेवून सांगितले, "वुयको, आमच्या मागण्यांत मी एक कलम घालून घेतलंय. टाळं निघेल त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना होतं तसं कामावर घ्यायचं. ते असल्याशिवाय मी सही करायचो नाही." ओरेस्टचे डोळे भरून आले. स्टेडियमचे काम म्हणजे त्याचे सगळे आयुष्य होते. त्या वयात दुसरीकडे त्याला कोण उभे करणार होते? त्याने मुलींना पहाटेवर ढकलले आणि ती वेळ खेळाडूंना दिली. दुसरा कुठला माणूस घरी बसला असता. आमचा माणूस भाबडेपणाने ज्यांच्यामुळे काम गेले त्यांनाच बर्फ करून द्यायला उभा राहिला, कारण त्यातला एकजण त्याच्या ताटात जेवला होता.

डोरीनला कळले तेव्हा ती तरातरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सात वर्षांच्या पोरींना असल्या थंडीत पहाटे उठवतोस, कुणासाठी रे?"

"तो आपल्यासाठी भांडतोय, डोरीन."

"तो त्याच्यासाठी भांडतोय. आपलं नाव तोंडी लावायला घेतलंय त्यानं. तुझ्या बायकोच्या पेरोही खाल्ल्या म्हणून तो तुझा झाला नाही."

ओरेस्ट तिला म्हणाला की तुझी जीभ आधीपासूनच कडू आहे. ती म्हणाली, असू दे, निदान ती कोणाचे बूट चाटत नाही. त्यानंतर ती यायची ते पहाटे, नातीला घेऊन. थर्मास उघडायची, एकच कप भरायची आणि त्याच्याकडे न बघता प्यायची. बाहेर गाड्यांची इंजिने गोठत होती, आणि मी सांगते, आत त्याहून जास्त गारठा होता.

संध्याकाळी खेळाडू यायचे. गडगंज पोरे. माझ्याकडे बघून हसायची, फोटो काढायची, जुन्या गाडीचा बर्फ काय झकास आहे म्हणायची, आणि मग तोच बर्फ उकरून निघून जायची. भुगा काढायला एकानेही कधी फावडे उचलले नाही. मला त्यांचा राग यायचा. ओरेस्टला अभिमान वाटायचा.

हिवाळा निम्मा सरल्यावर तडजोड झाली. रिंकच्या टीव्हीवर मालकांचा म्होरक्या आणि संघटनेचा म्होरक्या हात मिळवताना दिसले, दोघेही दात काढून हसत होते. बाकांवरची मंडळी उठून नाचली. परत कधी स्टेडियमचे तोंड बघणार नाही अशा शपथा वाहणारे हेच ते लोक. दुसऱ्या दिवशी ते तिकिटांच्या रांगेत होते. ओरेस्टने त्याच दिवशी मुलींना त्यांची संध्याकाळची वेळ परत दिली, दाढी केली, स्टेडियमचे जाकीट धुऊन वाळवले आणि बोलावण्याची वाट बघत बसला.

बोलावणे आले नाही. डोरीनलाही आले नाही. बंदीच्या काळात हाल्वर्सनना एक गोष्ट उमगली होती, की बर्फाचे आणि खाण्याचे काम बाहेरच्या ठेकेदाराला देता येते आणि तो आपली माणसे आपण आणतो. करारात कलम असते तर हे करता आले नसते. पण करारात ते कलम नव्हते.

आठवडाभराने, मुलींच्या वेळेआधी, ओरेस्ट मला घेऊन मैदानात उतरला होता. अर्धे मैदान झाले होते, पाणी अजून ओले होते. मुली दाराशी काठ्या घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि डोरीन खाली बसून नातीच्या स्केटच्या नाड्या आवळत होती. तेवढ्यात समोरच्या दारातून डार्सी आला. स्टर्जन्सचे नवे जाकीट, हातात सगळ्या संघाच्या सह्या असलेली काठी. आणि मित्रांनो, पायात बूट. ओल्या बर्फावरून बूट घालून तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओल्या बर्फावर पाऊल टाकू नकोस असे ज्या पोराला ओरेस्टने चार हिवाळे बजावले होते, तेच हे पोर.

ओरेस्टने माझे इंजिन बंद केले.

"वुयको, मी खूप प्रयत्न केला."

"कलम कुठंय?"

"शेवटच्या दिवसापर्यंत होतं. मग ते म्हणाले, यावर अडलात तर अख्खा हंगाम गेला. पोरं दमली होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"तू सही केलीस?"

"माझ्या एकट्याच्या सहीनं काय अडणार होतं?"

"मी ते विचारलं नाही."

डार्सीने खाली बघितले. "केली," तो म्हणाला. मग घाईघाईने बोलत सुटला, की दोष हाल्वर्सनचा आहे, ठेकेदार त्याने आणला, मुळात टाळेच त्याने लावले.

"खरंय," ओरेस्ट म्हणाला. "टाळं त्यानं लावलं. पण त्याला मी कधी माझ्या घरी जेवायला बसवलं नव्हतं."

डोरीनचे हात नाड्यांवर थांबले. डार्सीने काठी माझ्या बोनेटला टेकवून ठेवली, उजव्या हाताचा हातमोजा काढला आणि हात पुढे केला. शिकवला होता तसा, उघडा. "झालं ना आता सगळं, वुयको," तो म्हणाला. "संपलं की हात मिळवायचा. तूच शिकवलंस."

ओरेस्टने त्या हाताकडे पाहिले. मला वाटले हा भोळा माणूस आता विरघळणार. त्याची बोटे माझ्या स्टिअरिंगच्या चाकावरून उचलली गेलेली मी पाहिली. मग ती परत चाकावर आली.

"तुमचं संपलं," तो म्हणाला. "आता बाजूला हो. पोरींची वेळ झालीय."

त्याने मला सुरू केले. मी म्हातारी आहे, थंडीत मला तीनदा खाकरावे लागते, पण त्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू झाले. काठी घसरून खाली पडली. डार्सीने ती उचलली आणि आला तसाच, ओल्या बर्फावरून, परत गेला. त्याच्या बुटांचे ठसे तोवर गोठायला लागले होते. ते काढायला ओरेस्टला पाते आणखी खाली घालावे लागले आणि अर्धे मैदान पुन्हा करावे लागले. मुलींना थांबावे लागले, पण एकीनेही कुरकुर केली नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा डोरीन दाराशी उभी होती. तिने कॉफीचा कप माझ्या पायरीवर आदळला. साखर घातलेली नाही आणि माझा रागही गेलेला नाही, असे बजावून ती बाकाकडे निघून गेली. ओरेस्टने तो कप दोन्ही हातांत धरला आणि थंड होईपर्यंत प्यायलाच नाही.

तुमच्यासारखी मुले मला विचारतात, दोष कोणाचा होता. मी सांगते, ऐका. टाळे लावणाऱ्याचा आहे. सही करणाऱ्याचा आहे. दुसऱ्या दिवशी तिकिटांच्या रांगेत उभे राहून दोघांना टाळ्या वाजवणाऱ्यांचाही आहे, आणि त्यात तुमचे बाबा असतील तर त्यांना माझे नाव सांगा. मी कोणाची भीड धरत नाही. आता माझे दिवस भरत आले आहेत. माझी गरम पाण्याची टाकी झिरपते, सुटे भाग मिळत नाहीत, आणि रोज संध्याकाळी ओरेस्ट मला चालवतो म्हणून मी चालते. मला रंग द्या, माझी आठवण ठेवा, असले काही मी मागणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. बर्फ ओला असताना त्यावर बूट घालून येऊ नका. कोणीतरी तो नुकताच करून ठेवलेला असतो.