घाटघरच्या भिंतीवरची लाट

भरतशेठनं चुन्याची बादली भिंतीपुढं आपटली, तवा आमची वृषाली लाटंला फेस काढत व्हती.

"पुस हे! संध्याकाळच्या आत भिंत पांढरी पायजे."

वृषाली माझी भाची, शिनोलीची, पुण्यात चित्रकला शिकलेली. नाणेघाटाच्या तोंडाशी शेठचं नवं हॉटेल अन् समोरच माझी कणसाची गाडी, म्हणून हे काम मीच तिला मिळवून दिलं. पंधरा फूट लांब भिंत, तिच्या हातची पयली. शेठ म्हणला व्हता, समुद्र काढ. त्याला पायजे व्हता कॅलेंडरवरचा: निळं पाणी, नारळ, होडीत जोडपं.

पोरीनं काढला खवळलेला. काळंकुट्ट आभाळ, कड्यावर फुटलेली लाट, पाणी उलटं वर चाललेलं. अन् खडकावर एकच माणूस, मुंगीएवढा.

"हे बघून गिऱ्हाईक भजी खाईल का?" शेठ वरडला.

"जुने विलायती चित्रकार असंच काढायचे, शेठ. समुद्र चिडला की माणूस एवढाच उरतो. तेच दाखवायचंय मला."

"तू समुद्र बघितलाय का कधी?"

"न्हाई. घाटाच्या टोकावर आठ दिवस बसले. खाली कोकणातनं ढग येऊन कड्यावर आपटत व्हते, ते बघून काढलं."

"मी सात येळा अलिबागला जाऊन आलोय! पाणी वर जात न्हाई. खोटं हाय तुझं चित्र."

"मग तुमीच पुसा. माझा हात लागायचा न्हाई."

शेठनं खरंच बाह्या सारल्या. मी हातातलं कणीस ठेवून पुढं झालो. शेठ पडला लोणीचा, घाटावर येऊन महिनाच झालेला, अन् गल्ला सोडून टोकाकडं कधी फिरकलेला न्हाई.

"थांबा राव," मी म्हणलो. "पैज लावू. टोकावरनं एक मगभर चुना खाली वता. खाली गेला तर भिंत मी पांढरी करतो. वर आला तर चित्र ऱ्हाणार."

"यमाजी, येड लागलं का तुला? वर कसा येईल?"

"मग भ्यायचं कशाला?"

कणसं खाता खाता धा-बारा पावणं बी मागं आलं. टोकावर रेलिंगला धरून शेठ वाकला. मी तीन पावलं बाजूला सरलो. त्यानं मग उलटा केला.

चुना हातभर खाली गेला, थबकला, अन् वाऱ्यानं असा उचलून दिला की शेठ मिशीपासनं चपलांपर्यंत पांढराफेक! चष्मा व्हता म्हणून डोळं वाचलं. पावण्यांची हसून हसून कणसं पडली.

शेठ मातर हसंना, चिडंना. दोनी हातांनी रेलिंग आवळून खालच्या ढगांकडं बघत ऱ्हायला. वारा त्याचा सदरा फाडायला उठलेला.

"आयला," तो हळूच म्हणला, "हे तर माणसाला उचलून नेईल."

"आता कळलं, तो खडकावरचा माणूस बारका का?" वृषालीनं इचारलं.

शेठ माघारी वळला. हॉटेलात येऊन त्यानं तोंड धुतलं, बादली स्वतःच मागच्या दाराला ठेवली. मग भिंतीपुढं उभा ऱ्हायला, लई येळ.

"पैज ती पैज," तो म्हणला. "ऱ्हाऊ दे. पण निदान लाट तरी जरा बुटकी कर. छपराला लागंल."

वृषालीनं स्टूल वढलं.

"मामा, धरा घट्ट," ती म्हणली, अन् वर चढून लाट तिनं पार छपराच्या पत्र्यावर नेली.