विष्णुपंतांचं पान

मी शरदिनी. रामघाटावर आमचे हे, दत्तात्रेयशास्त्री, श्राद्धं सांगतात आणि स्वयंपाक माझा असतो. भुताखेतांना मी भीत नाही. पुसलेल्या फरशीवर ओले पाय घेऊन येणाऱ्यांचा मात्र मला भारी राग.

त्या पितृपक्षात सुमेधा तिसऱ्यांदा आली, नवऱ्याला घेऊन. नवरा ऋतुराज, रेल्वेत नोकरीला. तिला भाऊ नाही, म्हणून तिच्या वडिलांचं, विष्णुपंतांचं, श्राद्ध जावईच करतो. ह्याच लग्नावरून विष्णुपंतांनी लेकीशी बोलणं टाकलं होतं, ते मरेपर्यंत. आधीच्या दोन्ही वर्षी कावळा पानाकडे फिरकला नव्हता.

"काकू, बाबा अजून नाराज आहेत," सुमेधा म्हणाली. "ह्यांच्या हातचं त्यांना नको. आज नाही घेतलं, तर पुढच्या सालपासून करणारच नाही मी. कशाला जबरदस्ती?"

मला तिची फार दया आली. पण स्वयंपाक खोळंबला होता.

मी वाढायला घेतलं. हे संकल्प सांगत होते, ऋतुराज मागोमाग म्हणत होता. तेवढ्यात दारापासून फरशीवर ओली पावलं उमटू लागली. माणूस नाही, नुसती पावलं. डाव्याला करंगळी नव्हती. पानाच्या हातभर अलीकडे ती थांबली, वळली आणि बाहेर गेली. मागची दोन वर्षं अशीच पावलं मी पुसली होती आणि नाववाल्यांच्या नावाने बोटं मोडली होती.

सुमेधाला करंगळीचं विचारलं.

"बाबांची नव्हती. लहानपणीच नावेत चेंगरली." ती रडू लागली. "बघा, आले आणि परत गेले."

"रुसलेला माणूस दारापर्यंत येत नाही," मी म्हटलं. "त्यांना माघारी कोणी वळवलं, ते बघू. अहो, संकल्प पुन्हा सांगा. सावकाश."

"चाळीस वर्षं सांगतोय," हे कुरकुरले, पण सांगू लागले. पावलं पुन्हा आली. ऋतुराज 'कौशिकगोत्रस्य' म्हणाला, तशी जागीच थबकली.

"कौशिक कोणाचं?" मी विचारलं.

"माझं," ऋतुराज म्हणाला.

"आणि बाबांचं?"

"वसिष्ठ," सुमेधा म्हणाली.

ह्यांचा चेहरा उतरला. जन्मभर मुलांकडून बापाची श्राद्धं करवलेली. मुलाचं गोत्र तेच बापाचं. जिभेला वळण पडलेलं, तेव्हा जावयाचं गोत्र सासऱ्याला लावून हे मोकळे. विद्वान माणूस चुकला की तीन वर्षं न अडखळता चुकतो.

"परक्या गोत्राचं पान वाढलं होतं, पोरी," मी म्हटलं. "भला माणूस दुसऱ्याच्या पानावर बसेल कसा? तुझ्यावर रुसले असते तर तीन तीन वर्षं आले असते का?"

"चूक माझी," हे म्हणाले आणि त्यांनी संकल्प पहिल्यापासून सांगितला. 'वसिष्ठगोत्रस्य' कानी पडताच पावलं पुढे आली आणि पानासमोर थांबली. वर गच्चीत कावळ्यासाठी ठेवलेल्या पानावर कावळ्यांची एकच झुंबड उडाली.

सुमेधाने डोळे पुसले, माझ्या हातातलं खिरीचं भांडं घेतलं आणि पानासमोर वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "आणखी वाढू?"