मागच्या दाराची कडी

“काका, चाकू अजून कपाटात आहे आणि तुमचं बीपी माळ्यावर!” किशोरी सिस्टर हसत म्हणाली खरी, पण यंत्रावरचा आकडा बघून तिनं ओठ आवळले. एकशे ऐंशी.

कमळाकर कसला हसतोय! पित्ताचे खडे काढायला तो गेल्या आठवड्यातही पनवेलच्या या दवाखान्यात आला होता आणि असाच आकडा चढला म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवला होता. भूल देणाऱ्या मॅडमनी त्याच्या बायकोला, शकूला, समजावलं होतं, “भीती वाटली की शरीर आपणहून लढाईला उभं राहतं, काकू. नाडी पळते, साखर चढते. पुढच्या वेळी आत नेण्याआधी मन शांत करायचं इंजेक्शन देऊ.” शकूनं नुसती मान हलवली. भीतीनं अंगाचं काय होतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

बावीस वर्षं झाली. गावी, विचुंब्याला, घराचं मागचं दार उघडं राहिलं आणि त्यांची तीन वर्षांची लेक मनस्वी मागच्या तळ्यात बुडाली. शकू तेव्हा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. सकाळी सरपण घेऊन मागच्या दारानं तीच आत आली होती. कडी घालायला तीच विसरली, असं सासू म्हणाली, गाव म्हणालं, आणि शेवटी तिनंही मानलं. त्यानंतर कुणाचं लेकरू तिनं कडेवर घेतलं नाही. आणि कमळाकर? त्यानं कधी हात उगारला नाही, कधी टोचून बोलला नाही. “दुसरा असता तर म्हायेरी धाडली असती. देवमाणूस हाय!” लोक म्हणायचे. तीही म्हणायची. त्या उपकाराखाली बाई पार वाकून गेली होती.

किशोरीनं सावकाश इंजेक्शन सोडलं. आकडा उतरू लागला. कमळाकरचे खांदे सैल पडले, मुठी उघडल्या आणि त्यानं शकूचा हात धरला. किती वर्षांनी!

“शके, मी मेलो तर?”

“काय मरत नाय. गप पडा.”

“कडी मी काढली गं.”

“कंची कडी?”

“मागच्या दाराची. तू घातली व्हतीस. मी बिडी ओढाया तळ्यावर गेलो, पुढच्या दारानं परत आलो. पोर माझ्याच मागं निंगाली आसंल.” त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानात ओघळलं. “आय बोलली, शकूनं उघडं टाकलं. मी गप ऱ्हायलो. मंग बोलायचं ऱ्हाऊनच गेलं.”

तेवढ्यात त्याला आत न्यायला ट्रॉली आली. “मनावर घेऊ नका, काकू,” किशोरी हळूच म्हणाली. “या औषधानं माणसं काहीबाही बोलतात. उठल्यावर यातलं काही आठवतही नाही त्यांना.”

शकू बाकावर बसून राहिली. रागानं ती दातओठ खात होती. मेल्या, माझी अख्खी जवानी खाल्लीस की रे! आणि त्या रागाखाली, तिची तिलाच लाज वाटावी, असं हलकंही वाटत होतं. बाय माझे, तुझ्या आयनं नाय गं दार उघडं टाकलं, ती मनातल्या मनात लेकीला पुन्हा पुन्हा सांगत होती. आता त्यानं शुद्धीत एकदा म्हणावं, बस्स. गावात दवंडी नको. एकदाच, तिच्या तोंडाकडं बघून.

संध्याकाळी कमळाकर नीट जागा झाला. “झालं सगळं बरं?”

“झालं.” तिनं स्टूल जवळ ओढलं. “सुई दिल्यावर काय बोललाव, आठवतं?”

“नाय. काय बोललो?”

“मनस्वी गेली त्या दिवशी मागची कडी कुणी काढलेली?”

त्याचा चेहरा उतरला. ओठ हलले. आता बोलणार, असं शकूला देवाशपथ वाटलं. पण त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“आता कशाला काढतंस ते? मी तुला कदी बोललो का त्यावरनं?”

शकूला रडू फुटलं, तेही आवाज न करता. लेक गेली तेव्हाही ती एवढी एकटी नव्हती.

जरा वेळानं तो कण्हला, “घसा सुकला गं.” पाणी द्यायला अजून मनाई होती. तिनं वाटीत कापूस भिजवला, पिळला आणि त्याच्या ओठांवरून फिरवला. त्यानं डोळे उघडले नाहीत. तिनं कापूस पुन्हा भिजवला.