साडेतीन किलोची बंदूक

माणूस पहिल्यांदा शस्त्र हाती घेतो, त्या क्षणी इतिहास श्वास रोखून उभा असतो. मुनीर पारकरच्या बाबतीत तो क्षण शनिवारी सकाळी साडेनऊला आला. इतिहासाच्या जागी क्लबच्या काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी उभी होती आणि तिने एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितलं. आयडी मुनीरने घरच्या फाइलीत, अनुक्रमांक चारवर, नीट लावून ठेवला होता. आम्ही अल कुसैसला घरी परत गेलो, तो घेऊन आलो आणि इतिहास साडेअकराला पुन्हा सुरू झाला.

मुनीर माझा शेजारी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पाइपच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. दीड महिन्यापूर्वी तो रिटायर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने घर सांभाळायला घेतलं. डाळींच्या डब्यांवर नंबर पडले. बायकोने, म्हणजे मैमुनाबींनी, मिठाला हात लावला की हा कालची शिल्लक विचारी. त्यांनी महिनाभर सोसलं आणि मग शांतपणे सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत यांनी काहीतरी छंद लावून घ्यावा, नाहीतर आपण एकट्याच दाभोळला बहिणीकडे राहायला जाऊ. ही धमकी नव्हती. तिकिटाची चौकशी झाली होती.

प्रयत्न पुष्कळ झाले. बागेत फिरायला पाठवला तर तिथल्या बाकांची यादी करून आला. शेवटी अफशाने, त्यांच्या लेकीने, वाळवंटातल्या एका शूटिंग क्लबचं नाव काढलं. ती जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला आहे आणि तिचा बॉस त्या क्लबात जातो. "अब्बा, जस्ट ट्राय इट," म्हणाली. आधी क्लबच्या बंदुका चालवून बघा, एक पसंत करा, पुढचा परवाना, अर्ज, कागदपत्रं सगळं आपण मिळून करू. कागदपत्रं म्हटल्यावर मुनीर तयार झाला. महिना संपायला दोन दिवस होते. मला सोबत धाडलं, कारण मला काही काम नसतं हे मैमुनाबींना ठाऊक आहे.

क्लबमध्ये इद्रीस नावाचा शिकवणारा होता. मूळचा पेशावरचा, हिंदी बोलणारा, मिशीत हसणारा. इथे मारायचं काय, तर बशीएवढी नारिंगी मातीची चकती. यंत्र ती हवेत फेकतं. तिला कबुतर म्हणतात. कबुतरच का, हा मुनीरचा पहिला प्रश्न. पूर्वी खरी कबुतरं सोडत, असं इद्रीसने सांगितलं. मग ती बंद का झाली, आता चकत्या रोज किती लागतात, फुटलेल्यांचं काय करता, असे पुढचे प्रश्न झाले. अर्धा तास गेला तरी बंदुकीला कोणी हात लावला नव्हता.

मग बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, विषय आला. बारा बोअरची नळी वीसपेक्षा मोठी, हे ऐकून मुनीर थबकला. आकडा लहान आणि नळी मोठी, म्हणजे कुणीतरी लेबल चुकवलंय. इद्रीसने उलगडून सांगितलं, की नळीत बरोबर मावेल अशी शिशाची गोळी घ्यायची आणि तशा किती गोळ्यांचा एक पौंड होतो ते मोजायचं. बारा भरल्या तर बारा बोअर. मुनीरच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्यानंतर त्याने खिशातून काटा काढला. गल्फमध्ये घराघरात असतो तो, बॅगा अडकवून तोलायचा, आकड्याचा. इथल्या आपल्या माणसाने आयुष्यात काहीही घेतलं, मिक्सर, घोंगडी, झुंबर, तरी आधी त्याचं वजन बघितलं, कारण शेवटी ते गावी न्यायचं असतं. इद्रीसने आधी प्रत्येक बंदूक उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, मग पिशवीत घातली आणि मुनीरने पिशव्या टांगल्या. दोन किलो सातशे. तीन शंभर. तीन पाचशे. त्याने दोन सातशेवर बोट ठेवलं. हलकी ती चांगली, यावर त्याने एकतीस वर्षांत कुणाचं ऐकलं नव्हतं.

इद्रीसने तीच त्याच्या हातात दिली. मुनीरच्या कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं आणि चकती सोडली. आवाज झाला. चकती सुखरूप वाळूत जाऊन बसली. मुनीर दोन पावलं मागे आला होता आणि खांदा चोळत होता.

"चाचा," इद्रीस म्हणाला, "हलकं सामान विमानात चालतं, खांद्यावर नाही." बारूद धक्का देतंच. बंदूक जड असली तर बराचसा धक्का ती पोटात घेते, हलकी असली तर सगळा खांद्यावर टाकते.

मुनीरने बंदूक परत केली. मला वाटलं, खलास. आता गाडीत बसेल, आणि दाभोळचं तिकीट निघेल.

"म्हणजे भाऊ," तो मला म्हणाला, "एकतीस वर्षं मी हलकं बघून बघून गावी नुसते धक्के पाठवले."

मग तो इद्रीसकडे वळला. त्याने साडेतीन किलोची मागितली. ती खांद्याला लावली, गालाला लावली, मागचा लाकडी दस्ता कोपराच्या घडीत मावतो का ते बघितलं. मावला. बार काढल्यावर खांदा जागेवर राहिला. चकतीही शाबूत राहिली. सहा गेल्या. हा चकती जिथे दिसते तिथे मारत होता, आणि छर्रे पोचेपर्यंत ती पुढे गेलेली असायची. पुढे मारा, इद्रीस सांगत होता. किती पुढे, हा विचारत होता.

शेवटी मीच म्हटलं, "मुनीर, स्टोअरमधला माल संपल्यावर ऑर्डर द्यायचास का?"

"येडा झालायस? संपायच्या आधी. रीऑर्डर लेव्हलला."

"मग?"

सातवी चकती उडाली. त्याने नळी तिच्या पुढे नेली, नेतच राहिला आणि चाप ओढला. आकाशात नारिंगी धूर झाला. मुनीरने बंदूक उघडली, रिकामी केली, इद्रीसच्या हातात दिली आणि अगदी हळू म्हणाला, "हीच."

त्याने दर शनिवारी यायचं ठरवून टाकलं. फॉर्मची चौकशी करायला तो काउंटरकडे गेला, तसा मी बाजूला होऊन मैमुनाबींना फोन लावला. बंदूक पसंत पडली, चकती फुटली, दर शनिवारचं नक्की झालं, सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मी भीतभीत दाभोळचं विचारलं.

"आता राहू दे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "भाऊ, तिथे आहातच तर एवढं विचारून घ्या. तो क्लब रविवार ते शुक्रवार पण उघडा असतो का?"