दोन बोटे उघडा खण

मित्रांनो, तुमच्या वर्गात फळ्याच्या डाव्या अंगाला भरीव लाकडाचे एक जुने मेज उभे आहे. त्याच्या दर्शनी बाजूला, जिथे खण असायला हवा, तिथे नुसती पोकळी आहे. ते मेज म्हणजे मी. अकरा वर्षे मी तुमच्या वह्या, नकाशे आणि खडूंचे डबे मुकाट्याने अंगावर वागवले. बोलण्याचे मला कारण नव्हते. काल दुपारी ते कारण घडले. माझ्या बोलण्यात राग आढळला तर तो तसाच ऐकून घ्या; पुष्कळ वर्षे मुरलेला आहे तो.

ज्या सुतारकाकांनी मला घडवले, त्यांच्या हातांना घाई ठाऊक नव्हती. दोन वर्षे सावलीत वाळलेले लाकूड त्यांनी निवडले आणि मगच त्याला रंधा लावला. माझ्या अंगात त्यांनी एकही खिळा ठोकला नाही. खाचेत खाच बसवून सांधे जुळवले. पण त्यांचा खरा जीव गुंतला तो माझ्या खणात. त्याच्या दोन्ही कडांना मेण चोळावे, घासावे, पुन्हा चोळावे, असे नऊ दिवस चालले. अखेर तो खण असा सरकू लागला की उघडताना वा मिटताना किंचितही ध्वनी होऊ नये. "शेजारी बाळ निजलं असलं तरी उठायचं नाही," असे ते काकूंना कौतुकाने म्हणाले. माझ्या आयुष्यातील ती पहिली स्तुती. त्याच गुणाने पुढे माझा घात होणार आहे, हे त्या भल्या माणसाला कोठून कळावे?

मला इमारतींना परवाने देणाऱ्या कार्यालयात नेण्यात आले. कोणाला घर बांधायचे असो, भिंत पाडायची असो वा जिना चढवायचा असो, अर्ज माझ्यावर येई आणि तपासनिसांची सही झाली की मार्गस्थ होई. प्रारंभीचे तपासनीस सत्शील होते. माझ्या खणात त्यांच्या पेन्सिली, चष्म्याचे घर आणि खोकल्याच्या गोळ्यांची डबी असे. रोज सकाळी ते मला मऊ फडक्याने पुसत. सेवा संपवून ते घरी गेले तेव्हा त्यांनी माझ्यावर तळहात टेकवून नमस्कार केला होता. तो स्पर्श माझ्या लाकडात अजून आहे.

त्यांच्या जागी जे आले, त्यांचे खरे नाव कोणी उच्चारीत नसे. ते ज्याला त्याला "उद्या या" म्हणत, म्हणून लोकांनी त्यांचे नाव उद्यासाहेब ठेवले होते. त्यांची कार्यपद्धती साधी होती. नवा अर्ज गठ्ठ्याच्या वर ठेवायचा. त्यामुळे आधीचे अर्ज आपोआप तळाला जात आणि तळाचा अर्ज जन्मभर तळालाच राही. मग ते माझा खण दोन बोटे उघडा ठेवीत. अर्जदार खणाकडे पाही, आजूबाजूला पाही, काय ते समजे. एक पाकीट आत पडे. खण मिटे. आवाज मुळीच होत नसे. आणि पुढच्या क्षणी तळाचा अर्ज वर आलेला असे! माझा खण थोडा जरी करकरला असता, तरी शेजारची एखादी मान वर झाली असती. परंतु माझा खण फार सुबक होता, मित्रांनो. त्या सुबकपणाची मला आजही लाज वाटते.

एक मान मात्र आवाजावाचूनही वर होत असे. शेजारच्या मेजावर आलेल्या अर्जांची नोंद करणाऱ्या ताई बसत. त्या प्रत्येक अर्जाला क्रमांक आणि तारीख देत. पुढे तो कागद कोणत्या वाटेने जातो, हे त्यांच्या अधिकारात नव्हते; पण डोळ्यांना अधिकार लागत नाही.

याच शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना तुम्ही मोठ्या बाई म्हणता, त्या एके दिवशी तेथे आल्या. शाळेचा लाकडी जिना कुजला होता. दोन पायऱ्या निखळल्यापासून वरचे तीन वर्ग बंद ठेवावे लागले होते आणि ती मुले अंगणात, डोक्यावर ऊन घेऊन शिकत होती. नवा जिना बांधायला परवाना हवा होता. ताईंनी अर्ज नोंदवला. वर्षाच्या वहीत त्याचा क्रमांक तिसरा होता. उद्यासाहेबांनी रिवाजानुसार खण दोन बोटे उघडला. बाईंनी खणाकडे पाहिले आणि अतिशय सौम्य स्वरात म्हणाल्या, "साहेब, खण उघडा राहिलाय हो तुमचा." आणि स्वतःच्या हाताने तो मिटवला.

कार्यालयातील कित्येकांना त्या दिवशी हसू लपवण्यासाठी रुमाल तोंडाशी धरावा लागला. उद्यासाहेब मात्र हसले नाहीत. बाईंचा अर्ज तळाला गेला. त्या दर मंगळवारी येत आणि दर मंगळवारी त्यांना "उद्या" मिळे. असे चौदा महिने लोटले.

त्याच सुमारास वरून आदेश आला. काळ्या पैशाला आणि लाचलुचपतीला आळा घालण्यासाठी प्रत्येक कार्यालयाने उपाय सुचवावेत, आणि ते व्यवहार्य असावेत, असे त्यात लिहिले होते. कार्यालयात सर्वांत ऐसपैस मेज मीच. म्हणून सभा माझ्याभोवती भरली. मोठे साहेब मध्यभागी बसले आणि उद्यासाहेब त्यांच्या उजव्या हाताला. ज्याच्यामुळे दुखणे, तोच वैद्याच्या पंक्तीला!

चर्चा अडीच तास चालली. मोठ्या किमतीच्या नोटा बंद कराव्यात, असे एकाने सुचवले. त्यावर हिशेबनीस म्हणाले की काळा पैसा नोटांत राहतो कोठे, तो जमिनीत शिरतो, सोन्यात शिरतो, मेव्हण्याच्या नावावर निजतो. मेव्हण्याचा उल्लेख होताच मोठ्या साहेबांना खोकला आला. तक्रारपेटी लावावी, अशीही सूचना आली; तिची किल्ली कोणापाशी राहील या प्रश्नावर ती तेथेच विरली. भिंती काचेच्या कराव्यात तर खर्च फार. पगार वाढवावेत, ही सूचना सर्वांना आवडली. पण ती आपल्या हाती नाही म्हणून सर्वांनी एकत्र सुस्कारा सोडला. प्रत्येक उपाय चांगला होता आणि प्रत्येक उपाय अव्यवहार्य होता. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा तो सोहळा मी अंगावर सोसत होते.

शेवटी कोपऱ्यातून ताई बोलल्या. अर्ज ज्या क्रमाने आले, त्या क्रमाची यादी रोज सकाळी दारावर लावावी. कोणाला आधी बोलावले, तर का बोलावले ते तिथेच सहीनिशी लिहावे. येणारा जाणारा ते वाचील. एवढेच त्यांचे म्हणणे होते.

खोलीत शांतता पसरली. तशी शांतता इतर कोणत्याही उपायाला लाभली नव्हती.

"कल्पना उत्तम आहे, ताई," मोठे साहेब म्हणाले. "पण व्यवहार्य नाही."

"कुणाला, साहेब?" ताईंनी विचारले. "एक कागद लागतो आणि एक खिळा."

उद्यासाहेबांनी घसा खाकरला आणि एक नवी सूचना मांडली. सगळी देवघेव खणात होते ना? मग कार्यालयातील सर्व मेजांचे खणच काढून टाकावेत. खण नसेल तर माणूस घेतलेले ठेवील कोठे? मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. सूचना एकमताने संमत झाली आणि सर्वांनी आनंदाने बाके वाजवावीत तशा माझ्या पाठीवर थापा मारल्या. माझे अंग कापण्याचा निर्णय, आणि टाळ्या माझ्याच अंगावर! चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकले होते. पण संन्याशालाच सुळीचे लाकूड करतात हे त्या दिवशी कळले.

सभा उठल्यावर मोठ्या साहेबांनी ताईंना थांबवून घेतले. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची प्रकृती आपुलकीने विचारली आणि बदलीचे गाव लांब असले तर किती हाल होतात, हेही त्याच आपुलकीने सांगितले.

खण काढण्यासाठी दोन दिवसांनी तेच सुतारकाका आले. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. मला पाहताच त्यांनी बोटाने सांधा चाचपला.

"कीड लागली का?" त्यांनी विचारले.

"छे हो," शिपाई म्हणाला. "लाच थांबवायचीय, म्हणून खण काढायचा."

सुतारकाकांनी खणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "लाकडाला लागली असती, तर माझ्याकडे औषध होतं." आणि नऊ दिवस खपून घडवलेला तो खण त्यांनी हळुवार ओढून काढला. तेव्हाही त्याने आवाज केला नाही.

ते हत्यारे आवरत असताना ताई पुढे आल्या. "काका, एखादा खिळा मिळेल?" त्यांनी विचारले. माझ्या अंगात ज्यांनी एकही खिळा ठोकला नाही, त्यांनी पिशवीतून एक लांब, सरळ खिळा निवडून ताईंच्या हातावर ठेवला आणि हातोडीही दिली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. दार उघडले तेव्हा यादी दारावर होती. लोक जमले, वाचू लागले. रांगेत पुढे एक गवंडी उभा होता. त्याने अडखळत, पण सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात वाचले की क्रमांक तीन, शाळेचा जिना, चौदा महिने प्रलंबित. क्रमांक एकेचाळीस, दुकानाचा मजला, दोन दिवसांत मंजूर. त्याने मागे वळून विचारले, "हा तीन नंबर कुणाचा?"

"माझा," मोठ्या बाई रांगेच्या शेवटून म्हणाल्या.

आतून उद्यासाहेबांनी पुढच्याला हाक मारली. गवंडी हलला नाही. "आधी तीन नंबर," तो म्हणाला. त्याच्या मागची बाई हलली नाही. तिच्या मागचा दुकानदार, ज्याच्या खिशात पाकीट तयार होते, तोही हलला नाही; त्याने खिशावरचा हात तेवढा काढून घेतला. उद्यासाहेबांनी तीनदा हाका मारल्या. मग रांग दुभंगली आणि मोठ्या बाई पुढे आल्या.

"बाई, माझ्याशी वैर आहे का तुमचं?" उद्यासाहेबांनी विचारले.

"वैर कसलं? मुलं उन्हात बसतात हो."

उद्यासाहेबांनी गठ्ठा उपसून तळाचा अर्ज काढला आणि सही केली. माझ्या पाठीवर झालेल्या हजारो सह्यांपैकी ज्यांचा मला अभिमान वाटतो, अशा थोड्या सह्यांत ती एक आहे. आणि ती ज्या हाताने झाली, त्या हाताचे तिच्यात काडीचेही पुण्य नाही.

यादी चौथ्या दिवशी फाडली गेली. आठव्या दिवशी ताईंची बदली झाली. सासूबाईंना खाटेसह गाडीत घालून त्यांना दूरच्या गावी, जुन्या कागदांच्या गोदामात जावे लागले. उद्यासाहेब कोठेही गेले नाहीत. खण नव्हता, म्हणून ते आता कोट खुर्चीच्या पाठीला अडकवीत. खिसा बाहेरच्या अंगाला, दोन बोटे उघडा. तरीही मी जाईपर्यंत एक गोष्ट पाहत होते. रांगेतली माणसे भिंतीवर कोळशाने स्वतःच क्रम लिहीत. शिपाई त्यावर चुना फासत असे, ती पुन्हा लिहीत.

बिनखणाची म्हणून लोखंडी मेजे आली, तिप्पट किमतीची, मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याच्या कारखान्यातून. हाच तो व्यवहार्य उपाय! मला ओसरीत, गळक्या नळाखाली टाकण्यात आले. माझे पाय फुगले, पाठीवर बुरशी आली. भंगाराच्या लिलावात मोठ्या बाईंनी मला ओळखले आणि शाळेत आणून आधी फडक्याने पुसले. नवा खण बसवू का, असे शाळेच्या शिपायाने विचारले. "राहू दे," बाई म्हणाल्या. "मुलं विचारतील इथं काय होतं म्हणून."

मित्रांनो, अकरा वर्षांत तुमच्यापैकी कोणीही विचारले नाही.

आणि काल काय झाले? शाळेची घंटा कोणी कधी वाजवायची, याची यादी तुमच्या वर्गाच्या दारावर लावलेली असते. मोठ्या बाईंनी घालून दिलेली ती रीत आहे. काल तिसरे नाव, म्हणजे आज ज्याची पाळी ते, पुसून तिथे दुसरे लिहिले गेले. वर्गप्रमुखाला त्यासाठी एक रंगीत पेन्सिल मिळाली. ती त्याने इकडे तिकडे पाहून माझ्या पोकळीत लपवली. मुळीच आवाज झाला नाही. जिचे नाव पुसले, ती मुलगी बावीस दिवस पाळीची वाट पाहत होती. ती दाराशी थांबली, यादी वाचली आणि कोणाला काही न विचारता जिना उतरून गेली. तो जिना कसा उभा राहिला आणि त्याची किंमत कोणी भरली, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

माझे फुगलेले पाय तासू नका, मला रंग लावू नका, माझी कीव तर मुळीच करू नका. ती पेन्सिल अजून आत आहे आणि मला ती कुसळासारखी बोचते आहे. ती काढा, ज्याची त्याला परत द्या आणि तिसरे नाव पुन्हा लिहा. एवढ्याशा गोष्टीने काय होणार, असे कोणी म्हणाले, तर त्याला माझ्यासमोर उभे करून ही पोकळी दाखवा. घंटेला अजून अर्धा तास आहे. ती मुलगी खाली अंगणात बसली आहे. तिला बोलावून आणा.