वीतभर उरलेला पाइप

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर हसू येईल तुम्हाला. मी जेमतेम वीतभर लांबीचा लोखंडी पाइप आहे. सातपूरच्या एका वेल्डिंग शिकवणाऱ्या केंद्रात, सरांच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून बसून असतो. पण कारखान्यातून तयार होऊन निघालो तेव्हा चांगला वीस फूट होतो. ट्रकमधून माझं टोक बाहेर यायचं, म्हणून त्याला लाल फडकं बांधलं होतं. तो थाट पुन्हा कधी लाभला नाही.

अंबडच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं पाणी वाहिलं. एवढ्या वर्षांत एकदाही गळलो नाही, पण न गळणाऱ्या पाइपाकडे वर मान करून कोण पाहतो? नवी लाइन आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथे केंद्राचे गोरक्ष सर आले, बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "हा अजून जिवंत आहे." मित्रांनो, आयुष्यात कुणी आपल्याला असं वाजवून पाहावं आणि असं म्हणावं, यापरतं सुख नाही.

केंद्रातलं माझं काम मात्र विचित्र होतं. मला मधोमध कापायचं, टोकं घासायची आणि शिकणाऱ्याने ती पुन्हा जोडायची. मग परीक्षा. सांध्यावर बाहेरून खडूचं पाणी फासायचं, ते वाळलं की एका टोकाला बूच मारून आत रॉकेल ओतायचं. रॉकेल भारी कावेबाज. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्यातून झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर डाग उमटतो. डाग दिसला की तो सांधा कापून टाकायचा. दर वेळी मी तीन बोटं कमी व्हायचो. तीन तुकड्यांतली पोरं माझ्यावर शिकली आणि वीस फुटांचा मी हातभर उरलो.

तेवढ्यात सावळीराम आला. वय सेहेचाळीस, मूळचा वणीकडचा. बावीस वर्षं तो कंपनीत हेल्पर होता. पाइप खांद्यावर आणायचा, तो धरून ठेवायचा. जोडायचं काम दुसऱ्याचं. आता कंबर धरायला लागली होती. मुकादमाने सांगितलं होतं की केंद्राचा दाखला आणलास तर वेल्डर म्हणून घेतो, नाहीतर ओझं उचलणारा तरणा माणूस बघावा लागेल. सर त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते त्याला भाऊ म्हणत, तो त्यांना सर म्हणे.

त्याचा हात इतका स्थिर की मला वाटलं, आता आपले दिवस पालटले. पण पहिल्या सांध्यावर डाग आला. दुसऱ्यावर आला. तिसऱ्यावर, चौथ्यावरही, आणि दर वेळी खालच्याच अंगाला. सर चक्रावले. हात चांगला, वेल्डिंगचा रॉड चांगला, मग चुकतं कुठे? सावळीराम मान खाली घालून करवतीला लागायचा. खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा. हातभराचा मी वीतभर झालो होतो. आणखी एक काप बसला असता, तर व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरण्याइतकाही उरलो नसतो. पाचवा सांधा हीच त्याची परीक्षा होती आणि माझीही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो डबा विसरला. त्याची बायको लताबाई तो घेऊन आली आणि दारातच थांबली. सावळीराम मला हात लांब करून धरून, मान मागे नेऊन, जोडायची फट शोधत होता.

"घरी गोळ्यांचं पाकीट असंच लांब धरता तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटायचं, चष्मा लागायच्या आधीची माझी नक्कल करताय. दिसत नाय म्हणून सांगायला काय झालं?"

त्याने मला खाली ठेवलं. मग हळूच बोलला, "बावीस वर्षं लोकांसाठी पाइप धरला. आता कुठं माझी पाळी आली. जवळचं दिसत नाय म्हणलं, तर परत धरायलाच लावतील."

लताबाईने नाकावरचा आपला गुलाबी काड्यांचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्याच्या खिशात ठेवला. "बायकी हाय. पण वेल्डिंगच्या ढालीआड कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी तो चष्मा लावून त्याने तोंडापुढे ढाल धरली. पोरं फिदीफिदी हसली, सरांनी नुसतं पाहिलं आणि ती गप्प झाली. मित्रांनो, तोवर चार वेळा तो माझ्या फटीजवळून अंदाजाने गेला होता. त्या दिवशी प्रथमच त्याने मला पाहिलं. खालच्या अंगाला येताना ठिणगी जराही भरकटली नाही.

मग खडू, मग रॉकेल. अर्धा तास कुणी हललं नाही. सरांनी मला गोल फिरवून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. सावळीरामने फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "लता, खडू पांढराच हाय."

त्या रविवारी दोघं दाखल्याचे पेढे घेऊन आले. त्याच्या डोळ्यांवर त्याचा स्वतःचा काळ्या काड्यांचा चष्मा होता. लताबाईने आपल्या गुलाबी चष्म्यातून, तांदूळ निवडावा तसा माझा सांधा निरखला आणि गोठलेल्या लोखंडाच्या एका बारीक थेंबावर बोट ठेवून म्हणाली, "हा खडा राहिला की." सावळीराम एवढा हसला, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आता नवी तुकडी आली की सर आधी प्रत्येकाला रॉडच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लावतात. कुणी अडखळलं की मला त्याच्या हातात देतात आणि ही गोष्ट सांगतात.

माझी एक वीत सावळीरामच्या न सांगण्यापायी गेली, पण त्याचा राग आता नाही. उरलेली वीत त्याच्याच हातची आहे आणि मी अजून गळत नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो: दिसत नसेल, तर दिसत नाही म्हणा. आणि घरात कुणी कागद लांब धरून वाचत असेल, तर हसू नका, आपला चष्मा पुसून त्याच्यापुढे ठेवा.