फेसबाबाचं घमेलं

त्या शेवटच्या साध्यासुध्या सकाळी आईचा पाय स्वयंपाकघरातल्या स्टुलावर होता. मधुमेहाने तळव्याला पडलेली जखम नर्सबाई घरी येऊन धुवायच्या. दवाखान्यातली खोली इथे कुठून आणणार? म्हणून त्या पंखा बंद करायला लावायच्या; जुन्या चादरीचे तुकडे कुकरमध्ये कसे वाफवायचे, तेही त्यांनीच लेकीला शिकवलं होतं. स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत साबणाने धुवायच्या.

"तुम्हीच दवाखान्याचे नियम वाकवता की हो," आई त्यांना चिडवायची. जखम भरत होती, पण गोगलगाईच्या चालीने.

लेक कामावर गेल्यावर मावशीने आईला जखमेवर फेस आणून रोग काढणाऱ्या फेसबाबाकडे नेलं. घरी आलेली आई खुशीत होती. मग पाय काळा पडला, ताप चढला, रक्तात विष भिनलं आणि आई गेली. भेटायला आलेले म्हणायचे, वेळ आली होती. लेकही मान डोलवायची.

फेस कशाचा, हे नर्सबाईंनी सांगितल्यावर लेक स्वतः बाबाच्या सभागृहात गेली. रांगेत पायच पाय. सगळ्यांना एकच घमेलं, एकच फडकं. घमेल्यातल्या गढूळ पाण्यावर खपल्या तरंगत होत्या. बाबा बाटली ओतत होता, जखमेवर पांढरा फेस उसळत होता आणि गर्दी हात जोडत होती.

"नीघ रे चोरा, घर रिकामं कर," बाबा रोगाला दटावत होता.

लेकीचा नंबर आला. तिने चौरंगावर अर्धा कापलेला बटाटा ठेवला, बाबाची बाटली उचलली आणि ओतली. बटाटा फसफसला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"याला कुठला रोग झालाय, महाराज?"

बाबा श्रद्धेविषयी काहीतरी पुटपुटला. तिने लोकांना सांगितलं, हे औषधाच्या दुकानात मिळणारं जखम धुवायचं पाणी. कच्च्या मांसावर ओता नाहीतर बटाट्यावर, फेसाळणारच.

रांगेत उभी असलेली तीच मावशी फणकारली, "तुझ्या नर्सबाई तरी कुठे नियम पाळायच्या?"

"मावशी, त्यांनी खोली बदलली, कापड बदललं. स्वच्छता सोडली नाही. इथे एकाचा पू दुसऱ्याच्या जखमेत जातोय."

मग ती गर्दीकडे वळली. आवाज चढला नाही.

"माझ्या आईची वेळ आली नव्हती. तिची जखम भरत होती. तिला या घमेल्याने मारलं. पाय काढा बाहेर, डॉक्टरांकडे चला. आणि तुमच्या जखमेला जो कोणी हात लावेल, त्याला आधी विचारा, हात धुतलेत का."